सलाईनने ‘ताकद’ येते? बाटलीत काय असतं ते बघा

नाशिकमध्ये सिडको असो की पंचवटी, हे वाक्य ऐकू येतंच: “आमचे डॉक्टर हुशार, एक सुई मारली की दुसऱ्या दिवशी माणूस कामावर.” सातपूर-अंबडच्या कामगाराला खाडा परवडत नाही, म्हणून “सलाईन लावा, ताकद येईल” हा आग्रह बऱ्याचदा पेशंटचाच असतो.

अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ, बाकी पाणी. कॅलरी शून्य. ५ टक्के ग्लुकोजची बाटली असली तर २५ ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम शंभर कॅलरी. दोन केळी त्याहून जास्त देतात, तीही सुईशिवाय! जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडं पडलंय, पोटात काही ठरत नाही, तेव्हा हीच बाटली जीव वाचवते. नुसत्या अशक्तपणावर मात्र तिचा उपयोग नाही.

मग बरं का वाटतं? साधा व्हायरल ताप काही दिवसांत आपोआप उतरतो, आणि आपण दवाखान्यात जातो तो चढलेला असताना. श्रेय सुईला मिळतं.

पेशंट खूश म्हणजे उपचार उत्तम, हेही तपासून घ्यावं असंच. २०१२ साली अमेरिकेत सुमारे ५२ हजार प्रौढांच्या माहितीवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या डॉक्टरांवर सर्वांत समाधानी असलेल्या गटात औषधांचा खर्च जास्त होता आणि मृत्यूचं प्रमाणही. समाधानामुळे मृत्यू झाले असं त्यातून सिद्ध होत नाही. पण सुई नाकारणारा डॉक्टर कमी प्रतीचा, या समजाला आधार राहत नाही.

डॉक्टरांचीही अडचण आहेच: नाही म्हटलं, तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जातो.