कारण सांगणं वेगळं, पाठराखण वेगळी

गडचिरोलीत नक्षलवाद का रुजला हे सांगायला घेतलं की समोरचा पटकन म्हणतो, "म्हणजे तुम्ही त्यांच्याच बाजूचे!" आणि काहीजण खरोखरच पाठराखण करतात, पण तिला अभ्यास म्हणतात. घोळ होतो, कारण दोघांची सुरुवात एकच असते. १९८० च्या सुमारास प्राणहिता नदी ओलांडून नक्षलवाद्यांचे दलम (सशस्त्र गट) आले, तेव्हा ठेकेदार तेंदूपुड्याला (विडीच्या पानांच्या जुडीला) कवडीमोल भाव देत होते आणि जंगल खात्याची माणसं सरपणासाठीही अडवत होती. दलमच्या धाकानं पुड्याचा भाव वाढला. हे खरं आहे, आणि खरं ते बोललंच पाहिजे.

कारण शोधणारा मात्र इथं थांबत नाही. नुसत्या गरिबीनं बंदूक येते, तर मेळघाटात का नाही आली? कुपोषणानं लेकरं तिथंही दगावली. मग त्याला बस्तरला लागून असलेलं जंगल पाहावं लागतं, नदीपलीकडे आधीच उभी असलेली संघटना पाहावी लागते. धानोरा तालुक्यातलं लेखा-मेंढाही पाहावं लागतं. या गावानं बंदूक न धरता, वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला.

पाठराखण करणाऱ्याच्या मांडणीत लेखा-मेंढा नसतं. 'पोलीस खबऱ्या' अशी चिठ्ठी ठेवून रस्त्यावर टाकलेलं आदिवासी गावकऱ्याचं प्रेतही नसतं. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळच्या भूसुरुंग स्फोटात १५ जवान आणि त्यांचा ड्रायव्हर गेला. त्याचा दोषही जो जुन्या ठेकेदाराच्याच माथी मारतो, तो कारण सांगत नाही, वकिली करतो. ही हत्या चूक होती का, असं त्याला सरळ विचारावं. तो विषय बदलतो.

दुसऱ्या बाजूचा, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यालाच नक्षलवादी ठरवणाऱ्यांचा, पक्षपात मला जास्त घातक वाटतो, कारण त्याच्या हाती तुरुंग असतो. ग्रामसभेनं खाणीला विरोध केला की लगेच "यांच्यामागे कोण आहे?" दिल्लीतले प्राध्यापक जी. एन. साईबाबांना माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून गडचिरोलीच्या सत्र न्यायालयानं २०१७ मध्ये जन्मठेप दिली आणि चर्चेत ते कायमचे दहशतवादी ठरले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ५ मार्च २०२४ ला त्यांना निर्दोष सोडलं. कम्युनिस्ट किंवा नक्षल विचारांचा मजकूर डाउनलोड करणं, त्याबद्दल सहानुभूती असणं हा आपोआप गुन्हा होत नाही, हिंसक कृत्यातला सहभाग पुराव्यानं दाखवावा लागतो, असं त्या निकालात म्हटलं आहे. सात महिन्यांनी साईबाबा वारले.