बाहेरून बारावी करायचीय? आधी दाखला शोधा, मग १७ नंबरचा फॉर्म

पावसाळा लागला की आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या ऑफिसच्या खिडकीशी एक प्रश्न हमखास येतो. "सर, सतरा नंबरचा फॉर्म मिळेल का?" विचारणारी कधी दोन लेकरांची आई असते, अंगणवाडी सेविकेच्या जागेला बारावी मागतात हे तिला नुकतंच कळलेलं असतं. कधी दहावीनंतर गॅरेजात लागलेला पोरगा असतो, आता पोलीस शिपाई भरतीच्या मैदानात धावतोय. फॉर्म खिडकीवर मिळत नाही, तो ऑनलाइन भरायचा असतो, हे सांगितलं की निम्म्यांचा चेहरा पडतो. खरं तर फॉर्म भरणं अर्ध्या तासाचं काम आहे. माणूस अडतो तो शाळा सोडल्याच्या दाखल्यापाशी. म्हणून फॉर्मची तारीख जाहीर व्हायची वाट न बघता आजच कपाट उघडा, असं मी सगळ्यांना सांगतो.

हा फॉर्म नक्की कोणासाठी

शाळा-कॉलेजात नियमित प्रवेश न घेता दहावी किंवा बारावीच्या परीक्षेला बसणाऱ्याला राज्य मंडळ 'खाजगी विद्यार्थी' म्हणतं, आणि त्याचा नावनोंदणी अर्ज म्हणजे फॉर्म नंबर १७. मंडळाचं पूर्ण नाव महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, मुख्य कार्यालय पुण्यात. त्याखाली नऊ विभागीय मंडळं आहेत: पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, कोल्हापूर, लातूर आणि रत्नागिरीत बसणारं कोकण. तुम्ही ज्या जिल्ह्यातलं कॉलेज निवडाल, तिथलं विभागीय मंडळ तुमचं. गोव्याचं मंडळ स्वतंत्र आहे, तिथले नियम तिथेच विचारावेत.

आता एक गैरसमज काढून टाकू, कारण त्यापायी लोकांचे पैसे जातात. बारावीला बसून नापास झालेल्याला १७ नंबर भरायची गरज नाही. तो 'पुनर्परीक्षार्थी'. ज्या कॉलेजातून पहिल्यांदा बसला, तिथूनच राहिलेल्या विषयांचा परीक्षा फॉर्म भरायचा. निकालानंतर होणारी पुरवणी परीक्षाही त्याला खुली असते. पास झालाय पण टक्के कमी पडले, त्याच्यासाठी श्रेणीसुधार योजना आहे. बारावी पास आहे आणि पुढच्या एखाद्या कोर्ससाठी एकच जादा विषय हवा, तर 'तुरळक विषय' घेऊन बसता येतं. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना आयटीआयचे गुण वळते करून घेता येतात, मंडळाच्या भाषेत 'ट्रान्सफर ऑफ क्रेडिट'. ते भाषा विषयांचे पेपर देऊन बारावीचं प्रमाणपत्र मिळवतात. फिटर, वायरमन झालेल्या कित्येक मुलांना ही सोय माहीतच नसते आणि ती सगळी बारावी पहिल्यापासून करायला निघतात.

यांपैकी कशातच बसत नसाल, तर १७ नंबर तुमचा.

पात्रता

दहावी पास असणं ही पहिली अट. दुसरी अट वर्षांची: दहावी आणि बारावी यांच्यात निदान दोन शैक्षणिक वर्षं जायला हवीत. मार्च २०२४ ला दहावी झालेला मुलगा फेब्रुवारी-मार्च २०२६ च्या बारावीला बसू शकतो, २०२५ च्या नाही. 'एका वर्षात डायरेक्ट बारावी' असा फ्लेक्स दिसला तर हा हिशेब आठवा. दोन वर्षं आधीच उलटून गेली असतील तर मात्र अकरावी वेगळी द्यावी लागत नाही, नावनोंदणी थेट बारावीसाठी होते. वीस वर्षांपूर्वी दहावी झालेल्यालाही वयाची आडकाठी नाही. आमच्याकडे एका वर्षी सासू आणि सून एकाच बाकाच्या पुढे-मागे बसल्या होत्या. सासूबाईंना राज्यशास्त्रात जास्त गुण पडले, हे सूनबाईंनीच येऊन सांगितलं.

दहावी दुसऱ्या मंडळाची असेल, म्हणजे केंद्रीय मंडळाची किंवा बेळगावकडच्या कुणाची कर्नाटकातली एसएसएलसी, तर त्या मंडळाचं स्थलांतर प्रमाणपत्र लागतं. सगळे त्याला मायग्रेशन म्हणतात. ते परगावाहून आणायचं म्हणजे वेळ जातो, तेव्हा त्याची मागणी सगळ्यात आधी करा.

कागदपत्रं: खरी लढाई इथे

लागतं ते इतकंच: शाळा सोडल्याचा मूळ दाखला, दहावीची गुणपत्रिका, आधार कार्ड आणि स्वतःचा पासपोर्ट आकाराचा फोटो. शिवाय स्वतःचा मोबाइल नंबर आणि स्वतःचा ई-मेल. यादी वाचायला सोपी आहे.

दाखला म्हणजे तुम्ही शेवटचं जिथे शिकलात, तिथला दाखला. लोक चुकतात ते इथेच. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एक ताई प्लॅस्टिकच्या पिशवीत दहावीची गुणपत्रिका आणि सनद, दोन्ही छान लॅमिनेट केलेले, घेऊन आल्या. दाखला नव्हता. शाळेत गेल्या, तर तिथल्या जनरल रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे शेरा: दाखला दिला. दिला कोणाला, तर त्यांनाच, २००९ मध्ये. मग आठवलं की लग्नाआधी चार महिने त्या तालुक्याच्या गावी अकरावीला जात होत्या, आणि दाखला त्या प्रवेशाच्या वेळी तिथे जमा झाला होता. म्हणजे आता दाखला द्यायचा तो त्या कॉलेजने. त्यांच्या माहेरापासून ते कॉलेज चाळीस किलोमीटर. पहिल्या खेपेला क्लार्क रजेवर, दुसऱ्या खेपेला जुनी फाइल सापडेना, तिसऱ्या खेपेला दाखला मिळाला तेव्हा विलंब शुल्काची मुदत चालू झालेली. दहावीनंतर तुम्ही अकरावी, आयटीआय, डिप्लोमा, कशालाही आठ दिवस का होईना प्रवेश घेतला असेल, तर आधी तिथे चौकशी करा.

मूळ दाखला हरवला असेल तर त्याच संस्थेकडून दुसरी प्रत मिळते. तिच्यावर तसा शेरा असतो, आणि अर्जासोबत दाखला हरवल्याचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. बोनाफाईड म्हणजे दाखला नव्हे. ते घेऊन आलेल्यांना दरवर्षी परत पाठवावं लागतं. आणि दाखला लॅमिनेट करू नका. त्यावर शेरा मारायची वेळ आली तर शाई धरत नाही.

दुसरी अडचण नावाची, आणि ती बहुतेक बायकांचीच असते. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. मंडळाची नोंदणी शाळेच्या रेकॉर्डवरच्या नावाने चालते, त्यामुळे फॉर्मवर दाखल्यातलं नाव जसंच्या तसं, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने टाका. आईचं नाव सुद्धा दाखल्यातलंच. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जवळ ठेवा. दोन नावांची बाई एकच आहे हे पुढे नोकरीच्या कागदपत्र पडताळणीत ते दाखवतं. दाखल्यावर मुळातच जन्मतारीख किंवा नाव चुकलं असेल, तर ते शाळेकडून रीतसर दुरुस्त करून घेऊन मगच फॉर्मकडे वळा. आधी फॉर्म भरून मागाहून दुरुस्ती, हा रस्ता लांबचा आहे.

फॉर्म भरताना

मंडळ दरवर्षी संकेतस्थळावर आणि वर्तमानपत्रांत तारखा जाहीर करतं. परीक्षा पुढच्या फेब्रुवारीत असली तरी नावनोंदणी आदल्या वर्षीच्या पावसाळ्याच्या आसपास उघडते, आणि नियमित मुदतीनंतर विलंब शुल्काची मुदत मिळते. अर्ज फक्त ऑनलाइन. दाखला, आधार, फोटो यांचे स्कॅन किंवा मोबाइलवर काढलेले स्वच्छ फोटो जोडायचे. सावली पडलेला, कोपरा कापलेला दाखल्याचा फोटो चालत नाही, उजेडात जमिनीवर ठेवून सरळ वरून काढा.

जिल्हा, तालुका, शाखा आणि माध्यम निवडलं की त्यानुसार कनिष्ठ महाविद्यालयांची यादी समोर येते. त्यातलं एक तुमचं संपर्क केंद्र. घराजवळचंच घ्या. 'नाव मोठं' म्हणून शहरातलं निवडणारे पुढे प्रकल्प जमा करायला एसटीने फेऱ्या मारताना पाहिलेत. बाहेरून बसणारे बहुतेक कला किंवा वाणिज्य घेतात आणि ते शहाणपणाचं आहे. विज्ञानाची प्रात्यक्षिकं घरी बसून होत नाहीत. विषय आणि माध्यम दोनदा तपासा. इंग्रजी सगळ्यांनाच आहे. कोणत्या विषयाची पुस्तकं मिळतील, कोण शिकवेल, हे घरात बोलून मग खूण करा.

आता सायबर कॅफेबद्दल. तिथून फॉर्म भरायला हरकत नाही, पण ई-मेल तुमचा टाकायला सांगा. पन्नास जणांच्या फॉर्मवर स्वतःचाच ई-मेल आणि नंबर टाकणारे महाभाग असतात. अर्जाची प्रत आणि पुढच्या सूचना त्या पत्त्यावर जातात आणि तुम्ही डिसेंबरपर्यंत वाट बघत बसता.

शुल्कही ऑनलाइनच भरायचं. किती ते त्या वर्षीच्या सूचनेत लिहिलेलं असतं, आणि एकदा भरलं की कोणत्याही कारणाने परत मिळत नाही. मग अर्जाची छापील प्रत, शुल्क भरल्याची पोचपावती आणि मूळ कागदपत्रं घेऊन निवडलेल्या कॉलेजात दिलेल्या मुदतीत जायचं. ही पायरी विसरली तर ऑनलाइन भरलेलं सगळं पाण्यात. कागद दिल्यावर आमच्याकडून सही-शिक्क्याची पोच मागून घ्या, संकोच करू नका. दिव्यांग उमेदवारांनी सवलतीसाठी प्रमाणपत्राची प्रत याच वेळी द्यावी.

नावनोंदणी झाली म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला असं नाही

हे मला दर हिवाळ्यात कुणाला तरी सांगावं लागतं. १७ नंबर मंजूर झाला की 'नावनोंदणी प्रमाणपत्र' मिळतं. त्याच्या आधारे परीक्षेचं आवेदनपत्र कॉलेजमार्फत वेगळं भरायचं असतं, त्याचं परीक्षा शुल्क वेगळं, त्याची मुदतही वेगळी. नोंदणी करून गायब झालेल्या माणसाला कॉलेज फोन करतं, पण नंबर सायबरवाल्याचा असेल तर करणार काय?

भाषांच्या तोंडी परीक्षा आणि इतर विषयांचे प्रकल्प यांना बहुतेक विषयांत २० गुण असतात, लेखी ८० ची. खाजगी विद्यार्थ्यालाही ते द्यावे लागतात. २०२५ साली प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा २४ जानेवारीला सुरू झाल्या आणि लेखी ११ फेब्रुवारीला, म्हणजे जानेवारीत गावाला जायचं ठरवू नका. पास व्हायला ३५ टक्के लागतात. प्रकल्पाचे २० नीट मिळवले की इतिहासाच्या पेपरची अर्धी धास्ती जाते.

मुक्त विद्यालयाचा दुसरा रस्ता

ज्यांना सहा विषय एका दमात झेपणार नाहीत त्यांना मी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे, म्हणजे एनआयओएसकडे बघायला सांगतो. ही केंद्र सरकारची संस्था १९८९ पासून आहे, मुख्यालय नोएडाला, प्रादेशिक केंद्र पुण्यातही आहे. बारावीसाठी दहावी पास आणि वय १५ पूर्ण हवं. पाच विषय, त्यात निदान एक भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ संधी मिळतात. या वेळी दोन विषय, पुढच्या वेळी एक, असं सुटंसुटं करता येतं. पास ३३ टक्क्यांना. राज्य मंडळात नापास झालेल्याचे पास असलेले दोन विषयांपर्यंतचे गुण तिथे वळते होऊ शकतात. माध्यमाची खात्री मात्र आधी करा; बारावीला मराठी माध्यम असेलच असं गृहीत धरून पैसे भरू नका. ज्याचं शिक्षण मराठीत झालंय आणि रोज दोन तास अभ्यासाला बसू शकतो, त्याला मी आजही १७ नंबरच सुचवतो.

या दोन मंडळांचं नाव सोडून तिसऱ्याच कुठल्या 'बोर्डा'चं सर्टिफिकेट घरपोच देतो असं कुणी म्हणालं, तर पैसे देण्याआधी त्या मंडळाला आपल्या राज्य मंडळाची मान्यता आहे का, ते लेखी विचारा. परीक्षा न देता गुणपत्रिका मिळते असं सांगणाऱ्याच्या चहालाही थांबू नका.

निकाल ऑनलाइन लागला की काही दिवसांनी छापील गुणपत्रिका संपर्क केंद्रातच मिळते. येताना हॉल तिकीट आणा. घेतल्या घेतल्या खिडकीसमोर उभं राहूनच तुमचं नाव, आईचं नाव आणि विषय वाचून घ्या. अक्षर चुकलं असेल तर तिथल्या तिथे सांगा. दुरुस्तीचा प्रस्ताव आमच्यामार्फतच विभागीय मंडळाकडे जातो, आणि त्याला जोडायला पुन्हा तोच दाखला लागतो.