इंग्रजी-गणित कच्चं म्हणजे कोडिंग जमणार नाही?

बारावीचा निकाल लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गात एक मेसेज हमखास फिरतो: 'इंग्रजी, गणित पक्कं नसेल तर कॉम्प्युटरला जाऊ नका, कोडिंग झेपणार नाही.' पालकांची काळजी खरी आहे, फीचे पैसे कष्टाचे असतात. पण हे म्हणणं बरोबर नाही.

सी या प्रोग्रामिंग भाषेच्या 1989 च्या प्रमाणित रूपात राखीव शब्द (if, else असे भाषेने स्वतःसाठी ठेवलेले इंग्रजी शब्द) फक्त 32. पायथन 3 या भाषेत तर चलाचं (ज्यात किंमत साठवतात त्याचं) नाव देवनागरीतही चालतं. एरर (कॉम्प्युटरने दाखवलेली चूक) वाचण्यापुरतं इंग्रजी लागतं, ते सरावाने येतं.

गणिताचं म्हणाल तर पहिल्या सत्राच्या प्रोग्रामिंगच्या पेपरचे 'कोर्स आउटकम्स' (पेपर शिकून काय यायला हवं, त्याची यादी) काढून वाचा. चल, अट, लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणं), फंक्शन (नाव दिलेला कोडचा तुकडा), कोड वाचून उत्तर सांगणं, चूक शोधणं, साधारण एवढंच सापडेल. (पदवीला गणिताचा वेगळा पेपर असला तर तो मात्र करावा लागतो.)

आता घरीच बघा. आंबे 50, पेट्या 0. आंबे 12 किंवा जास्त आहेत तोवर 12 काढा, पेटी एकने वाढवा. मुलाला कागदावर लिहू दे: 38 आणि 1, 26 आणि 2, 14 आणि 3, 2 आणि 4. दोन म्हणजे बारापेक्षा कमी, म्हणून थांबायचं. चार पेट्या, दोन सुटे. हाच लूप, आणि लागली ती फक्त वजाबाकी.

मग विचारा, '12 किंवा जास्त'ऐवजी '12 पेक्षा जास्त' लिहिलं आणि आंबे 48 असले तर? तीनच पेट्या भरतील, बारा आंबे बाहेर राहतील. ही चूक ज्याला दिसली, त्याला खुशाल प्रवेश घेऊ द्या. नाही दिसली तर पुन्हा ओळीने लिहायला लावा, पहिल्या सत्रात हेच शिकवतात.