परिपाठातल्या देशभक्तीपर गाण्यांची पार्श्वभूमी

देशभक्तीपर गाण्यांशी शाळेचा पहिला संबंध आला तो बंदीमुळे. १९०५ मध्ये वंगभंगाविरुद्ध बंगालमधले विद्यार्थी ‘वंदे मातरम्’ म्हणत रस्त्यावर उतरू लागले, तेव्हा इंग्रज सरकारचे कार्लाइल परिपत्रक शाळांसाठी निघाले: मुलांना आवरा, नाहीतर अनुदान बंद. आपल्याकडे १९०९ साली बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली, कवी गोविंदांची गाणी छापल्याबद्दल. पुढच्याच वर्षी विजापूरकरांची तळेगावची राष्ट्रीय शाळा, समर्थ विद्यालय, सरकारने बंद पाडली. अशा वातावरणात अनुदानावर चालणाऱ्या शाळेतले गुरुजी असली गाणी वर्गात कशाला शिकवतील?

मुले ती शिकली गणेशोत्सवाच्या मेळ्यांत. सारखा पोशाख, झांजा, आणि तोंडपाठ पदे. पुढे प्रभातफेऱ्या आल्या, १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखा आणि कलापथके आली. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी झेलायची, ही पद्धत तिथलीच. पेटी नाही, तबला नाही, पुस्तकही नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत आजही गाणे बसवतात ते असेच.

अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून साने गुरुजी १९३० मध्ये सत्याग्रहात उतरले. ‘बलसागर भारत होवो’ ही कविता असलेल्या त्यांच्या ‘पत्री’ संग्रहाच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त केल्या होत्या. स्वातंत्र्यानंतर तीच कविता झेंडावंदनाला सर्रास म्हटली जाऊ लागली.

राष्ट्रगीत ठरवताना प्रश्न भावनेइतकाच चालीचाही होता. ‘वंदे मातरम्’ बँडवर बसत नाही, असा आक्षेप होता. संगीतकार मास्तर कृष्णरावांनी बँडवर बसेल अशी चाल बांधून दाखवली. निर्णय बदलला नाही. २४ जानेवारी १९५० रोजी ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरले आणि ‘वंदे मातरम्’ला समान मान मिळाला.

वसंत देसाईंसारख्या संगीतकाराने शाळकरी मुलांचे समूहगान मनावर घेतले, हे मराठी मुलांचे भाग्य. ‘गुड्डी’ (१९७१) चित्रपटातली त्यांची प्रार्थना तर थेट परिपाठात जाऊन बसली.

सक्तीचा प्रश्न केरळमधून आला. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहणारी, पण धर्मश्रद्धेमुळे ते न म्हणणारी तीन भावंडे शाळेतून काढली गेली. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. उभे राहणे पुरेसा आदर आहे, हा निकाल शिक्षकांनी वाचायलाच हवा.

१९ फेब्रुवारी २०२३ पासून राजा बढे यांचे ‘जय जय महाराष्ट्र माझा’ राज्यगीत झाले. श्रीनिवास खळ्यांची चाल, शाहीर साबळ्यांचा आवाज, १ मिनिट ४१ सेकंदांत बसणारी दोन कडवी. शाळांमध्ये ते रोज वाजवावे किंवा गावे, असे ठरले. यातला ‘वाजवावे’ हा पर्याय सोयीचा आहे खरा, पण साबळ्यांच्या पट्टीत दुसरीतल्या मुलांचा आवाज पोचत नाही. स्पीकर लावला की ती नुसती ओठ हलवतात.