बटाटा रात्र मोजतो

आषाढात आमच्या कोथरूडच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरून रात्री बारापर्यंत जांभळा उजेड यायला लागला. गणपतीची तयारी यंदा फारच लवकर, असं वाटलं. पण वरच्या काकांनी कुंडीत बटाटे लावले होते आणि त्यांच्यासाठी खास दिवा मागवला होता. खोक्यावर लिहिलेलं: 'दुप्पट वाढ'. वाढ झालीही. पाला गुडघ्याच्या वर गेला. कुंडी उपसली तर खाली गोटीएवढे तीन बटाटे. शेजारच्या आजी म्हणाल्या, अमावास्येला लावलेत ना! काकांनी दोष मातीला दिला. मला संशय दिव्याचा आहे.

टिश्यू कल्चरच्या, म्हणजे निर्जंतुक बाटलीत रोपाच्या तुकड्यापासून नवी रोपं वाढवण्याच्या पद्धतीच्या, बाटलीत डोकावलं तर हे नीट समजतं. रोगमुक्त बियाण्यासाठी बटाट्याच्या रोपाचा एक पेर, एका पानासकट, कापून आगरच्या माध्यमात, म्हणजे जेलीसारख्या पोषक खाद्यात, खोचतात. तीन-चार आठवड्यांत बोटभर रोप होतं, त्याचे पुन्हा पाच तुकडे. सहा फेऱ्यांत एकाची १५,६२५ रोपं, अर्थात कागदावर. बुरशी आपला वाटा घेतेच. हे माध्यम बहुतेकदा मुराशिगे आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी १९६२ साली तंबाखूसाठी बनवलेलं, आणि त्यात लिटरला ३० ग्रॅम साखर असते. म्हणजे जेवणाची सोय बरीचशी खालूनच झालेली. मग प्रकाश कशाला? प्रकाश इथे निरोप्या आहे.

नुसता लाल प्रकाश दिला तर रोप उंच, किडकिडीत होतं. निळ्यात बुटकं आणि दणकट. म्हणून दोन्ही मिसळतात, आणि तो जांभळा रंग येतो. त्या उजेडात हिरवी पानं काळपट दिसतात आणि बुरशी चटकन कळत नाही, हा वैताग वेगळाच.

आता माझं लाडकं रसायन: फायटोक्रोम. पानातल्या या रंगद्रव्याची दोन रूपं. ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश पडला की ते जागं होतं. ७३० चा, डोळ्याला जेमतेम दिसणारा अतिलाल पडला की झोपतं. अंधारात जागं रूप हळूहळू ओसरतं; हे रंगद्रव्य आणि झाडाचं आतलं घड्याळ मिळून रात्रीची लांबी ओळखतात. रात्र पुरेशी लांब असेल तर पानातून एक प्रथिन अन्नवाहिन्यांतून खाली उतरतं आणि जमिनीतल्या फांदीच्या टोकाला सांगतं: फुग. इतर झाडांत फुलं आणणाऱ्या प्रथिनाचंच हे भावंड. गंमत पुढे आहे. लांब रात्रीच्या मध्यावर काही मिनिटं लाल प्रकाश दिला की बटाटे धरणं अडतं. लगेच त्यावर अतिलाल दिला, तर पुन्हा धरतात! शेवटचा शब्द ज्याचा, त्याचं झाड ऐकतं. अँडीजमधल्या जाती याबाबत फार काटेकोर, आपल्या शेतातल्या बऱ्याच सैल.

बाटलीत तर इवले बटाटे धरायला साखर ८० ग्रॅमपर्यंत वाढवतात आणि बाटल्या सरळ काळोखात ठेवतात. दोन-तीन महिन्यांत पेरांवर वाटाण्याएवढे बटाटे.

आजींच्या चंद्राबद्दल एवढंच: पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास, बाटल्यांच्या रॅकवर दोन-तीन हजार लक्स.

दिवाळीच्या सुमारास काकांनी पुन्हा बटाटे लावले. दिव्याला टायमर आहे, संध्याकाळी सातला बंद. कुंडीच्या बरोबर वर आकाशकंदील टांगलाय. रात्रभर चालू असतो. लाल.