स्वतःविषयीच्या खोट्याची भाषा

आपले वय, मत, नाते किंवा घडलेला प्रसंग माणूस खोटा सांगतो तेव्हा त्याच्या शब्दांत बदल होतात. मानसशास्त्र आणि न्यायसहायक भाषाविज्ञान (तपास-खटल्यांतील भाषेचा अभ्यास) या दोन्ही शाखांत त्यांचा अभ्यास होतो.

उडो उंडॉइच या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये मांडले की, अनुभवलेली हकिकत आणि रचलेली हकिकत यांचा पोतच वेगळा असतो. त्याच धाग्यावर स्टेलर आणि क्योन्केन या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये हकिकत अनुभवलेली आहे का, हे पारखण्याचे १९ निकष मांडले. खरे सांगणारा मध्येच मागे येतो, 'नाही, थांबा, फोन आधी आला होता' म्हणतो, कोणी न विचारलेला तपशील देतो, 'एवढं आठवत नाही' असे कबूल करतो. रचलेली गोष्ट बहुधा सुतासारखी सरळ जाते. खऱ्या साक्षीदाराच्या याच अडखळण्यावर अनेकदा खोटेपणाचा शिक्का बसतो, हा मोठा अन्याय आहे.

२००३ मध्ये न्यूमन, पेनबेकर या मानसशास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी इंग्रजीतील खरी-खोटी निवेदने संगणकाने तपासली. खोट्या निवेदनांत 'मी' कमी आढळला. 'पण', 'वगळून' असे भेद करणारे शब्दही कमी आढळले. काय केले आणि काय केले नाही, हे दोन्ही सांभाळणे रचणाऱ्याला जड जाते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. नकारात्मक भावनांचे शब्द आणि जाण्या-येण्याची क्रियापदे मात्र वाढलेली होती. संगणकाचा अंदाज एकूण ६१ टक्के बरोबर आला, विषय एकच असताना ६७ टक्के. एवढ्यावर कोणाला खोटारडा ठरवता येत नाही.

मराठीत 'मी' मोजण्याची ही रीत आणखी लंगडी पडते. 'काल बँकेत गेलो, पैसे भरले, पावती घेतली.' या वाक्यात 'मी' कुठेच नाही. 'गेलो'मध्ये बोलणारा दिसतो, लिंगासकट. पण 'भरले' पैशांमागे जाते आणि 'घेतली' पावतीमागे. करणारा व्याकरणानेच आड होतो, मग माणूस खरा असो वा खोटा. 'मी पावती हरवली' याऐवजी 'पावती हरवली' किंवा 'माझ्याकडून राहून गेलं' हे तर घरोघरचे बोलणे. म्हणून मराठी जबाब वाचताना निदान त्याच माणसाचे एरवीचे बोलणे शेजारी ठेवायला हवे: तो आपल्या इतर चुका कशा सांगतो, 'मी विसरलो' म्हणतो की 'विसरलं गेलं'.