पार्श्वभूमी : 'बॉट बनवून देतो' हा धंदा नाशकात कसा रुजला

द्राक्षाच्या फवारणीवर उत्तरे देणारा बॉट (म्हणजे चॅटवर आपोआप बोलणारा प्रोग्राम), त्र्यंबकच्या पूजेची चौकशी घेणारा बॉट, अंबडच्या वर्कशॉपला जुन्या कोटेशनवरून नवे कोटेशन काढून देणारा बॉट. अशी कामे घेणारी पोरे आता कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत भेटतात. गंमत अशी की, ज्या जागतिक बाजाराच्या भरवशावर यातल्या बऱ्याच जणांनी सुरुवात केली, तिथून त्यांच्या खात्यात दमडी आली नाही. जे आले ते ओळखीच्या गिऱ्हाइकाकडून, आणि त्यातही बॉटच्या किमतीपेक्षा देखभालीचे जास्त. हे असे का झाले, याचे उत्तर बऱ्याच अंशी नोव्हेंबर 2023 ते मे 2024 या काळात सापडते.

त्याआधी काहीच नव्हते असे नाही. यंत्राशी गप्पा मारण्याचा पहिला गाजलेला प्रयोग 1966 चा. एप्रिल 2016 मध्ये फेसबुक मेसेंजर बॉटसाठी खुले झाले, ऑगस्ट 2018 मध्ये व्हॉट्सॲपने व्यवसायांना एपीआय (आपले सॉफ्टवेअर त्यांच्या सेवेला जोडण्याची सोय) दिला. तेव्हाचे बॉट 'पत्त्यासाठी 1 दाबा, दरासाठी 2 दाबा' छापाचे होते आणि ते विकायचे वेबसाइट आणि बल्क एसएमएस विकणारेच. 30 नोव्हेंबर 2022 ला ओपनएआय या कंपनीचे चॅटजीपीटी आले, पण त्यातून दुसऱ्या कुणाला विकता येईल अशी वस्तू निघायला आणखी वर्षभर गेले.

ती निघाली 6 नोव्हेंबर 2023 ला. कोडची एक ओळ न लिहिता, 8,000 अक्षरांपर्यंतच्या सूचना आणि आपल्या फायली देऊन कुणालाही आपला खास 'जीपीटी' बनवता येईल, असे कंपनीने जाहीर केले. त्याच दिवशी असिस्टंट्स एपीआयही आला, म्हणजे असा बॉट स्वतःच्या ॲपमध्ये बसवण्याची सोय. जीपीटींचे दुकान महिनाअखेर उघडणार होते. मध्येच 17 नोव्हेंबरला संचालक मंडळाने कंपनीच्या प्रमुखालाच काढले, पाचेक दिवसांत परत घेतले, आणि या गोंधळात दुकान पुढे गेले. ते उघडले 10 जानेवारी 2024 ला. तोवर लोकांनी 30 लाखांवर जीपीटी बनवले होते, हा कंपनीचाच आकडा.

वाद आहे तो दुकान उघडले त्याच दिवशी दिलेल्या एका आश्वासनावर. पहिल्या तिमाहीत निर्मात्यांसाठी उत्पन्नाची योजना सुरू करू, आधी अमेरिकेतल्या निर्मात्यांना त्यांचा जीपीटी किती वापरला जातो त्यावरून पैसे देऊ, असे ते होते. दर किती, वापर मोजायचा कसा, बाकीच्या देशांचा नंबर कधी, यातले काहीच त्यात नव्हते. इथल्या लोकांनी 'आधी अमेरिका' याचा अर्थ 'मग आपण' असा घेतला. मोबाइल ॲपच्या दुकानांची सवय होती ना. 2008 मध्ये ॲपलने दुकान उघडले तेव्हा हिशेब पहिल्या दिवसापासून स्वच्छ होता : किंमत तुमची, 30 टक्के आमचे. इथे तर किंमत लावायची सोयच नव्हती. मार्च 2024 मध्ये कंपनीने अमेरिकेतल्या मोजक्या निर्मात्यांबरोबर वापरानुसार मोबदल्याची चाचणी सुरू केल्याचे सांगितले. भारतातल्या निर्मात्यांसाठी दार उघडल्याची घोषणा त्यानंतर आली नाही.

कंपनीच्या बाजूने बोलायचे तर अडचणी खऱ्या होत्या. एकाच कल्पनेच्या शेकडो नकला दुकानात येऊन पडल्या होत्या. वापरावर पैसे दिले तर खोटा वापर घडवणारे लगेच तयार होतात, हे व्हिडिओच्या धंद्यात आधीच दिसले होते. शिवाय 8,000 अक्षरांच्या सूचनांना 'निर्मिती' म्हणून किती मोल द्यायचे, हा प्रश्न फालतू नाही. नोव्हेंबर 2023 मध्येच संशोधकांनी 200 हून जास्त जीपीटी तपासले, तेव्हा बहुतेकांकडून त्यांच्या सूचना, काहींकडून चढवलेल्या फायलीसुद्धा, नुसत्या गोड प्रश्नांनी काढून घेता आल्या. कुलूप नसलेल्या मालाचे भाडे कोण देणार?

एवढे मान्य करूनही मला कंपनीची बाजू लंगडीच वाटते. 30 लाखांचा आकडा जाहिरातीत मिरवताना त्या नकलाही त्यात मोजल्याच होत्या. आणि नियमच असा होता की दुकानातला जीपीटी वापरायला समोरच्याकडे 20 डॉलरची महिन्याची वर्गणी हवी. इथे त्यावर 18 टक्के जीएसटी धरून महिना दोन हजारांच्या आसपास जात. म्हणजे निफाडच्या बागायतदारासाठी तुम्ही बॉट बनवलात तर त्याने आधी कंपनीला दोन हजार भरायचे आणि तुम्हाला शून्य. मे 2024 मध्ये मोफत खातेदारांनाही जीपीटी वापरता येऊ लागले. तेव्हा वापरणारे वाढले, बनवणाऱ्याच्या वाट्याची भाषा मात्र पुढे सरकली नाही. त्या काळात 'जीपीटी बनवा, घरबसल्या कमवा' असे दोन दिवसांचे वर्ग गंगापूर रोडच्या हॉलमध्येही भरले. दुकानातून कुणी कमावले असेल-नसेल, वर्ग घेणाऱ्यांनी नक्की कमावले.

दुसऱ्या एका साइटने ऑक्टोबर 2023 पासूनच बॉटनिर्मात्यांना पैसे द्यायला सुरुवात केली होती आणि एप्रिल 2024 मध्ये दर संदेशामागे किंमत लावायची सोयही दिली. तिचीही सुरुवात अमेरिकेपुरतीच होती.

स्वतःच विकायचे म्हटले तर वसुलीची अडचण. परदेशातून डॉलर घेण्यासाठी लोक जे पेपाल वापरत, त्याने 1 एप्रिल 2021 पासून भारतातल्या भारतात व्यवहार करणे बंद केले होते. 1 ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांवर रिझर्व्ह बँकेचे नवे नियम आले. पाच हजारांवरच्या प्रत्येक वसुलीला ग्राहकाची वेगळी मंजुरी लागू लागली (जून 2022 मध्ये ही मर्यादा 15,000 झाली), आणि परदेशी साइटवरच्या छोट्या वर्गण्याही धडाधड बंद पडल्या. महिन्याची वर्गणी हे कमाई शिकवणाऱ्या परदेशी व्हिडिओंमधले आवडते सूत्र इथे बसेना. मग नाशिककरांनी जे केले त्यात नवे काही नव्हते. टॅलीत फेरफार करून देणारे, सीसीटीव्ही बसवणारे, बिलिंगचे सॉफ्टवेअर विकणारे वर्षानुवर्षे जे करतात तेच : एकरकमी बसवण्याचे पैसे आणि पुढे दरवर्षी एएमसी (देखभालीचा वार्षिक करार), यूपीआयवर. गिऱ्हाईकही तेच, सातपूर-अंबडचे छोटे व्हेंडर, सीए, दवाखाने, क्लासवाले. सीएच्या कार्यालयातला जो माणूस टॅली अडकल्यावर फोन करायचा, तोच बॉटने चुकीचे उत्तर दिले की फोन करतो.

धंद्याच्या या पद्धतीला पायाखाली जमीन मिळाली ती मे 2024 मध्ये, आणि तीही अशा कारणाने ज्याची चर्चा फारशी झाली नाही. एपीआयचे बिल टोकनवर, म्हणजे मजकुराचे जितके तुकडे पडतात त्यावर येते, आणि देवनागरीची तोवर अक्षरशः चटणी होत असे. चॅटजीपीटीमागचे नवे मॉडेल जीपीटी-4ओ आले तेव्हा कंपनीने दिलेल्या नमुन्यात मराठी मजकुराला आधी 96 टोकन लागत होते, आता 33. जुलैत त्याची स्वस्त आवृत्ती आली, दहा लाख इनपुट टोकनला 15 सेंट. ज्या बॉटचा महिन्याचा खर्च एएमसी खाऊन टाकत होता, तो एकदम चहापाण्याच्या हिशेबात आला. मराठीतून बोलणारा बॉट परवडतो, हे त्यानंतर खरे झाले.

द्राक्षाचा बॉट मात्र स्वस्त होऊनही अवघडच राहिला. निर्यातीच्या बागेत कोणते औषध चालते, काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची, याची यादी हंगामागणिक बदलते. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अंशामुळे युरोपात नाशिकची द्राक्षे अडकली. तेव्हा इथल्या निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हते. बागायतदार आणि निर्यातदार त्यात जबर बुडाले आणि ती आठवण दिंडोरी-पिंपळगावकडे अजून ताजी आहे. म्हणून तिथला शेतकरी बॉट पाहिला की पहिला प्रश्न विचारतो तो दराचा नसतो. ही यादी यंदाची आहे का, आणि चुकले तर भरून कोण देणार? ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) आला की रात्री दहाला उत्तर हवे असते, आणि तेव्हा बॉटने गेल्या वर्षीच्या फायलीतून ठणठणीत आत्मविश्वासाने उत्तर दिले तर सगळे संपले. बरेच जण यामुळे फवारणी सोडून हवामान, मजुरांचा हिशेब आणि पावत्या यांच्यावर आले. माझ्या मते शहाणपणा केला.

2025 मध्ये चित्र पुन्हा हलले. जुलैत एका दूरसंचार कंपनीने आपल्या ग्राहकांना वर्षभरासाठी एक एआय सेवा फुकट दिली, ऑक्टोबरअखेर दुसरीने 18 महिन्यांसाठी दुसरी. ऑगस्टमध्ये चॅटजीपीटीची 399 रुपयांची वर्गणी भारतात आली आणि 4 नोव्हेंबरपासून तीही वर्षभर फुकट झाली. 'मोबाइलमध्ये फुकट मिळतंय, तुमचं कशाला घेऊ?' हे वाक्य तेव्हापासून प्रत्येक बैठकीत ऐकावे लागते.

व्हॉट्सॲपने 1 जुलै 2025 पासून संभाषणाऐवजी टेम्प्लेट (आधी मंजूर करून घेतलेल्या ठरीव) संदेशामागे पैसे घेणे सुरू केले. ऑक्टोबरमध्ये अटी बदलून, सर्वसाधारण गप्पा मारणारे एआय बॉट 15 जानेवारी 2026 पासून आपल्या व्यावसायिक सेवेवर चालणार नाहीत असे सांगितले. दुकानाच्या ग्राहकसेवेचा बॉट चालतो. पण 'कोणताही प्रश्न विचारा' म्हणून विकलेल्या शेती-बॉटला कोणत्या रकान्यात टाकायचे, यावर बनवणाऱ्यांत एकमत नाही.

सिंहस्थाचे ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आहे, त्यामुळे लॉज, टॅक्सीवाले आणि त्र्यंबकच्या गुरुजींकडून मागणी वाढली आहे. 2015 च्या सिंहस्थातही ॲप बनवण्याचे बरेच प्रयोग इथे झाले होते, एका परदेशी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेच्या मदतीने. त्यातून काही पोरे खरोखर घडली. या वेळी धास्ती वेगळी आहे : प्रयागराजच्या 2025 च्या मेळ्यात सरकारनेच भाविकांसाठी फुकट एआय बॉट चालवला होता, तसाच इथे आला तर वाट दाखवणाऱ्या बॉटला विचारणार कोण? खोली शिल्लक आहे का आणि नारायण नागबळीला कोणती तारीख मिळेल, हे मात्र सरकारी बॉट सांगणार नाही. विक्रेते सध्या त्या दोन प्रश्नांवरच धंदा करत आहेत.

आणि ज्या असिस्टंट्स एपीआयवर 2024 चे कितीतरी बॉट उभे आहेत, तो 26 ऑगस्ट 2026 ला बंद करण्याचे कंपनीने वर्षभर आधीच जाहीर केले. तेव्हाच्या कोटेशनमध्ये अनेकांनी हौसेने 'लाइफटाइम' लिहून पैसे घेतले होते. आता गिऱ्हाईक म्हणते, फुकट बदलून द्या. बनवणारा म्हणतो, पायाच दुसऱ्याने काढून नेला त्याला मी काय करू. शब्द लिहून दिला असेल तर गिऱ्हाईक बरोबर आहे, असे मला वाटते. हल्लीच्या कोटेशनमध्ये खाली बारीक टाइपात एक ओळ असते, 'मूळ कंपनीने सेवा बदलल्यास फेरबांधणीचा खर्च वेगळा', आणि सही करण्याआधी अंबडचे जुने व्हेंडर ती पेनाने खोडतात.